सावली बघायची

लातूरच्या एका क्लासमध्ये मी बारावीला जीवशास्त्र शिकवायचो. रविवारी दुर्बीण घेऊन औशाकडच्या शेतांतून भटकायचो. एकदा सकाळी बांधावरच्या बाभळीत कापशी घारीचं घरटं दिसलं. दुर्बीण डोळ्यांना लावतो न लावतो तोच मागून आवाज आला, "सर, वर बघू नका."

ओळखदेख काही नव्हती; पण लातूरहून आलेल्या पँटवाल्याला तिकडं तेव्हा सगळे 'सर'च म्हणायचे. मागं एक शेतकरी उभे होते; कानाला मफलर, हातात विळा, वय सत्तरीचं. ज्वारी काढून झाली होती, फक्त बाभळीखालचा तुकडा त्यांनी उभा ठेवला होता.

त्यांनी मला झाडाकडं पाठ करून बसवलं आणि समोरच्या मोकळ्या रानाकडं बोट केलं. "सावली बघायची."

कापशीची सावली ढेकळांवर एका जागी थरथरत राहिली, मग झपकन सरकली आणि गडद होऊन थांबली. "उंदीर घावला," ते खुशीत पुटपुटले.

"पण नुसतं बघितल्यानं तिचं काय बिघडतं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"भूकंपात आमचं घर पडलं, तवा गाड्या भरभरून लोकं बघायला यायची. मानसं चांगली होती, सर. पर आमी पत्र्याखाली भाकर खायला बसलो तरी बघत उभी ऱ्हायची. घास गिळवत नव्हता."

मी दुर्बीण पिशवीत घातली.

थोड्या वेळानं पक्ष्याची सावली बाभळीच्या सावलीत शिरली.

"घरला आली," ते हळूच म्हणाले. मागं वळून मात्र त्यांनी पाहिलं नाही.