तळ्यावरचे कंट्रोलर

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून पक्ष्यांवर आमच्या मामांइतकं प्रेम करणारा दुसरा माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्याइतके पक्षी उडवून लावणाराही सापडणार नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. नांदेडला बसस्थानकावर ते कंट्रोलर होते, म्हणजे खिडकीमागे बसून भोंग्यावरून गाड्या पुकारणारे गृहस्थ. 'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे' या चार शब्दांशिवाय त्यांचा तेहतीस वर्षांत एक दिवस उजाडला नाही. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी आभाराच्या भाषणाची सुरुवातसुद्धा याच शब्दांनी केली, तेव्हा मागच्या रांगेतले दोघे सवयीने पिशव्या उचलून उभे राहिले म्हणतात.

देवाने त्यांना आवाज दिला, पण तो कमी करायची सोय दिली नाही. स्थानकातली वीज गेली की बाकीचे कंट्रोलर हातावर हात ठेवून बसत. मामा मात्र बाहेर फलाटावर येत, डावा हात कानावर ठेवत आणि 'लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर' असं एकदाच म्हणत. लोहा फलाटावर ऐकू येई, अहमदपूर समोरच्या हॉटेलात, आणि लातूर म्हणेपर्यंत पुढच्या चौकातली माणसं अर्धा चहा टाकून धावत सुटलेली असत. कानात सांगायची गोष्ट ते कानातच सांगत, पण ती गल्लीला कळे. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा त्यांनी आपल्या भाचीला आतल्या खोलीत नेऊन हळूच सांगितलं, "पोरगा चांगला हाय, पण लई बारीक हाय." बाहेरच्या खोलीत आम्ही सातजण पोहे खात होतो. माझ्या आईने त्या दिवसापासून मला भातावर दुप्पट तूप वाढायला सुरुवात केली.

असा माणूस पक्ष्यांच्या नादाला लागला तो निव्वळ रिकामपणामुळे. निवृत्तीनंतर घरात बसून ते मामींच्या हालचाली पुकारू लागले. 'चहा तयार होऊन दोन मिनिटांत सुटेल' वगैरे. शेवटी मामींनी त्यांना फिरायला म्हणून गावाबाहेरच्या तळ्यावर हाकललं. दिवाळी नुकतीच झाली होती. तळ्यावर नारिंगी रंगाची मोठी बदकं उतरताना त्यांनी पाहिली. कुणीतरी सांगितलं, हे चक्रवाक, लडाखकडून येतात, दरवर्षी याच सुमाराला. मामांनी पुढच्या वर्षी मुद्दाम तपासलं. त्याच आठवड्यात चक्रवाक हजर! त्या संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. फोन नसता तरी मला लातूरला ऐकू आलं असतं. "जावईबापू, डिझेल न्हाई, डायवर न्हाई, पुकारा न्हाई, आन् हप्ता चुकवत न्हाईत! आमची देगलूर गाडी तेहतीस वर्सांत एवढी टायमात आली न्हाई!"

तेव्हापासून तळं हेच त्यांचं बसस्थानक झालं. टिबुकल्या, वंचक, बगळे या सगळ्या लोकल गाड्या. त्यांच्याकडे ते फारसं लक्ष देत नसत. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक या लांब पल्ल्याच्या. धोबी पक्षी एकटाच येई, शेपटी हलवत काठाने चाले आणि कुणाला विचारत नसे, म्हणून तो तिकीट तपासनीस. पाणकावळा दगडावर दोन्ही पंख पसरून वाळवत उभा राहिला की मामा हळहळत. त्यांच्या मते ती गाडी बॉनेट उघडून रस्त्यात बंद पडली होती. पाठकोऱ्या कागदांची एक वही ते बरोबर बाळगत आणि तिच्यात आगमनाच्या वेळा लिहीत. शेवटच्या रकान्यात उशिराचं कारण असे. तलवार बदकं एका वर्षी दहा दिवस उशिरा आली, त्यापुढे मामांनी लिहिलं होतं, 'घाटात वाहतूक कोंडी असावी.'

आता मलाही पक्ष्यांचा थोडा नाद आहे, पण माझा नाद मुका. पहाटे उठावं, दुर्बीण घ्यावी, लातूरच्या बाहेरच्या तळ्यावर बाभळीआड बसावं, आणि कुणी हाक मारू नये एवढीच माझी देवाकडे मागणी. मामा दिवाळीनंतर आठ दिवस आमच्याकडे येऊ लागले, ते या तळ्याच्या 'तपासणीला', आणि माझी मागणी देवाने कायमची निकालात काढली. मी श्वास धरून चक्रवाकाची जोडी पाहत असे. वीस पावलांवर येईल, पंधरावर येईल असं वाटत असे. इतक्यात शेजारून, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! लडाखहून निघालेली चक्रवाक जलद तळ्यावर येऊन राहिली आहे!" पुढे माझ्या दुर्बिणीत फक्त आभाळ आणि दूर जाणारे ठिपके. बारा वर्षांत मी चक्रवाक पाहिले ते सगळे मागून.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं नाही का, गप्प बसा म्हणून? सांगणार कसं? मी जावई. मामेसासरे मला 'अहो जावईबापू' म्हणतात, पाटावर बसवतात, माझ्या ताटातली भाकरी संपण्याआधी दुसरी वाढायला लावतात. बारा वर्षांत त्यांनी मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. अशा माणसाला गप्प बसा म्हणायची आपल्याकडे रीत नाही. ते काम एका प्राध्यापकांनी करून पाहिलं. ते त्या सकाळी दीड तास चिखलात पालथे पडून काठावर आलेल्या एका तुतवार पक्ष्याचा फोटो काढण्याच्या बेतात होते. मामांनी तुतवार पुकारायला तोंड उघडलं, तसं प्राध्यापकांनी मान वळवून "श्श्श्!" केलं. मामा दचकले, मागे वळले आणि आमच्या स्कूटरची दोन्ही चाकं दाबून पाहिली. मग प्राध्यापकांना तळ्याच्या पलीकडेही ऐकू येईल असं म्हणाले, "आमची हवा ठीक हाय, साहेब, तुमची गाडी बघा!" तुतवार गेला. प्राध्यापक मात्र बराच वेळ तसेच पडून राहिले होते.

पण या पुकारण्यामागे एक गोष्ट होती, ती मला मामींनी सांगितली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकदा मामा भजी खाण्याच्या नादात देगलूरची शेवटची गाडी पुकारायला विसरले. फलाटावर एक म्हातारी बाई तिचीच वाट पाहत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, ती पुकाऱ्यावर भिस्त ठेवून बसलेली. गाडी तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली. मामा तिला घरी घेऊन आले, मामींनी जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी मामा रजा टाकून तिला स्वतः देगलूरला सोडून आले. तेव्हापासून डोळ्यांसमोरून काहीही निघालं की ते पुकारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. आम्ही नांदेडहून निघालो की मामा गॅलरीत उभे राहून आम्हाला मार्गासकट पुकारत. माझी बायको लाजून चूर होई, पण ते पुकारेपर्यंत ती मला स्कूटर चालू करू देत नसे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मामांचा आवाज बसला. आधी सगळ्यांनी थट्टा केली. मग तो बसूनच राहिला, आणि आम्ही त्यांना मामींसह लातूरला आणून घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. स्वरतंतूवर गाठ निघाली. ती काढली, तपासायला पाठवली. ती साधी आहे असा निरोप येईपर्यंतचे सहा दिवस आमच्या घरात सगळेच हळू बोलत होते. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. नंतर आवाज येईल, पण पहिल्यासारखा येईल असं सांगता येत नाही.

मग मामांच्या गळ्यात दोरीने एक शाळेची पाटी आली. पाटीवरही ते मोठ्यानेच लिहीत. 'पाणी' एवढा शब्द सगळी पाटी भरून असे, वेलांटी चौकटीबाहेर जाई. रोज सकाळी आम्ही दोघं तळ्यावर जाऊ लागलो. आणि काय सांगू! चौथ्या दिवशी चक्रवाक वीस पावलांवर आले. आठव्या दिवशी दहा पावलांवर. त्यांच्या गळ्याजवळची काळी रेघ मी दुर्बिणीशिवाय पाहिली. चाळीसेक चक्रवाक काठावरच्या चिखलात माना पाठीत खुपसून आमच्यासमोर झोपू लागले, आम्ही दोन बाभळी असल्यासारखे. मामा तोंड उघडं ठेवून बघत बसत. त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. मीही खूश होतो, आणि खूश असल्याची मला लाजही वाटत होती.

तीन आठवडे संपले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जखम भरली, आता बोला. मामांनी खोकून दाखवलं आणि घशाकडे बोट केलं. घरी आले तरी पाटीच. दोन दिवस गेले, चार गेले. मामी स्वयंपाकघराच्या दारात मला गाठून म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही तरी ह्यांना बोलायला लावा. पंचेचाळीस वर्सं कान किटले माझे, हाव, पण आता घरात माणूस हाय का न्हाई तेच कळून नाही राहिलं."

दुसऱ्या दिवशी तळ्यावर मी मामांना म्हणालो, "मामा, आता पुकारा की." त्यांनी पाटीवर लिहिलं, 'पक्षी झोपलेत.' त्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'पक्षी चरून राहिलेत.' तिसऱ्या दिवशी मी आणखी जोर केला. म्हटलं, एवढी काळजी तुम्ही बारा वर्षांत पक्ष्यांची कधी केली नाहीत. त्यांनी पाटी मांडीवर ओढून घेतली. मग पहिल्यांदाच अगदी बारीक अक्षरात, पाटीच्या कोपऱ्यात लिहिलं, 'आलाच नाही तर?' मी वाचलं न वाचलं तोच सदऱ्याच्या बाहीने पुसून टाकलं आणि पाण्याकडे बघायला लागले.

समोर दहा पावलांवर चाळीस चक्रवाक झोपलेले. ज्यांच्यासाठी मी बारा वर्षं मनातल्या मनात या माणसावर दात-ओठ खाल्ले होते तेच. सूर्य वर आला होता आणि त्यांची पाठ नुसती उजळून निघाली होती. मी त्यांना एकदा नीट पाहून घेतलं. मग उठलो, दोन्ही हात वर केले आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून टाळ्या वाजवल्या.

चाळीसच्या चाळीस एकदम उठले. पंखांचा आणि ओरडण्याचा एकच कल्लोळ झाला. मामा ताडकन उभे राहिले. त्यांचा डावा हात आपोआप कानावर गेला, मान वर झाली, आणि घशातून काहीतरी खरखरलं, तुटलं, पुन्हा सुरू झालं.

"प्र... प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे... चक्रवाक जलद... सुटून राहिली हो... सुटली... सुटली..."

आवाज आला होता. पण तो मामांचा नव्हता, निदान मला ओळखीचा नव्हता. जुन्या रेडिओवर दूरचं स्टेशन लागावं तसा, बारीक आणि फाटका. पलीकडच्या काठापर्यंत तर तो पोचलाच नसावा. शेवटचा पक्षी दिसेनासा होईपर्यंत मामा पुकारत राहिले. मग त्यांनी हात खाली घेतला, माझ्याकडे वळले, आणि बारा वर्षांत प्रथमच माझ्यावर डाफरले.

"अक्कल हाय का जरा? आं? चांगली झोपलेली पाखरं उठवता? एवढं शिकून टाळ्या वाजवता? जावई हाय म्हणून काय बी करणार का?"

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडलो, तर म्हणाले, "पाया काय पडता, पाखरं परत आणा!" पाटी त्यांच्या गळ्यातच लोंबत होती. तिच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

आम्ही स्कूटरवर बसलो. मामा मागे बसून बोलतच होते. माझी टाळी, माझं शिक्षण, भाचीचं नशीब, सगळं एकामागून एक निघत होतं. मला अर्ध्याहून जास्त ऐकू येत नव्हतं. ज्यांचं लातूर म्हटलेलं पुढच्या चौकात ऐकू जायचं, त्यांचा शब्द एक हात अंतरावरून माझ्या कानापर्यंत येता येता वाऱ्यात विरून जात होता. मी स्कूटर हळू केली. तरी नीट ऐकू येईना, तेव्हा आणखी हळू केली. शेवटी दोन्ही पाय जमिनीला टेकवत टेकवत, मागून येणाऱ्या सायकलींनासुद्धा पुढे जाऊ देत, त्यांचं बोलणं ऐकत मी घरापर्यंत आलो.