सरकणारी गाठ

आमचे हे सर्जन. गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण हातातला दोरा काही सुटला नाही. खुर्चीच्या पाठीला गाठी, कपाच्या कानाला गाठी. मी वैतागले की म्हणायचे, "अगं, हात रिकामा राहिला की गंजतो."

मग शिकाऊ सर्जनांच्या परीक्षेचे व्हिडिओ तपासायचं काम घरबसल्या मिळालं. पडद्यावर फक्त हातमोजे घातलेले हात आणि क्रमांक. ओळखीपाळखीला वाव नको म्हणून नाव नाही, चेहरा नाही.

त्या दुपारी त्यांनी अशी हाक मारली की मी गॅस बंद करून धावले.

"चार नंबर बघ. गाठीची दुसरी फेरी उलट दिशेने घ्यायला हवी, हा पहिल्याच दिशेने घेतोय. गाठ पक्की दिसते, पण ताण आला की सरकते. सात आणि नऊ नंबरचंही तेच."

"मग करा नापास. त्यात काय एवढं?"

"करंगळी बघ त्यांची. अशी उचलून धरायला मीच शिकवायचो."

हे डावखुरे. मुलं समोर बसून यांचे हात बघायची आणि डाव्याचं उजवं करताना चुकायची. हे मात्र तयार गाठ बघून शाबासकी देऊन मोकळे.

बारा वर्षांपूर्वी एक तरुण बाई ऑपरेशननंतर रक्तस्रावाने गेली. गाठ सरकली होती. ती बांधणाऱ्या शिकाऊ डॉक्टरच्या नावापुढे यांनीच अहवालात 'निष्काळजीपणा' लिहिलं, आणि त्या पोराने सर्जरी सोडली. ती बाई मात्र आमच्याकडे राहायलाच आली. हे जेवता जेवता उठून हात धुवायचे, धुतच राहायचे. मला तिचा राग यायचा. मेलेल्या बाईचा राग, काय म्हणावं मला!

त्या दुपारी यांनी नंबर शोधून त्या पोराला फोन लावला. स्पीकरवर.

"गाठ तू चुकवली नव्हतीस. मी चुकीची शिकवली होती."

तो म्हणाला, "मला त्याच आठवड्यात कळलं होतं, सर. आरशासमोर बसून बांधून बघितली."

"मग बोलला का नाहीस?"

"दोनदा आलो होतो. तुम्ही दारातूनच परत पाठवलंत."

फोन बंद झाला. यांनी कागद ओढला आणि त्या पोरानंतर शिकवलेल्या मुलांची नावं लिहायला घेतली. कागद भरला. मी दुसरा आणून दिला.