रोगमुक्त असल्याचा दाखला

सरांच्या श्रद्धांजली सभेहून घरी आले आणि आधी अंघोळ केली. सुतक होतं म्हणून नव्हे. अंगाला काहीतरी बुळबुळीत चिकटलंय असं वाटत होतं म्हणून.

सर म्हणजे आमचे कृषी शास्त्रज्ञ. चांदूर बाजारजवळच्या खेड्यात त्यांच्या घरची बागायती शेती होती. ते दहावीत असताना त्यांच्या संत्र्याच्या बागेला डिंक्या लागला. या रोगात खोडाची साल तडकून डिंक गळतो, खाली मुळं सडत जातात. "बाप झाडं तोडे अन् मी फांद्या वाहू," एवढंच ते सांगायचे. पुढे शिकून ते अकोल्यात एका खासगी संस्थेच्या प्रयोगशाळेत लागले. ती संस्था आता बंद आहे. मी अमरावतीहून तिथे सहायक म्हणून गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात संत्र्याचं एक मूळ ठेवलं.

"सोल."

नख लावताच साल सरकन निघून आली. आत काळपट, चिकट.

"हुंग आता."

मी नळाकडे धावले आणि ओकले. ते पाण्याचा गडवा घेऊन मागे आले. "किळस आली न? बरं झालं. ज्याले किळस येत नाही, तो या कामाचा नाही."

बागा पाहायला निघाले की त्यांच्या पिशवीत चपलांचे दोन-तीन जोड असत. एका बागेची माती दुसरीत जाऊ नये म्हणून ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, चप्पल बदलायचे. लोक हसायचे. "सर, देवळात चालले का?" कुणी विचारायचं. सर म्हणत, "हो बाप्पा, तसंच समज."

मग वरूडकडच्या एका मोठ्या रोपवाटिकेच्या मातीचे नमुने आले. मालक आमच्या संस्थेचा विश्वस्त होता. सगळ्या नमुन्यांत डिंक्याची बुरशी निघाली. सरांनी तसा अहवाल लिहिला आणि या वर्षीची कलमं विकू नयेत, असं खाली जोडलं. संचालकांनी तो वाचला, हसून खणात ठेवला आणि दुसऱ्या आठवड्यात सरांना कसल्याशा प्रशिक्षणाला परगावी धाडलं.

सर गेल्यावर मालक नवा नमुना घेऊन आला. स्वच्छ पांढऱ्या पिशवीत चाळलेली, भुरकट, कोरडी माती. वरूडकडची काळी माती मी शंभरदा हाताळली होती. ही तिथली नव्हती, हे न तपासताही कळत होतं. तरी मी तपासली. बुरशी निघाली नाही.

संचालक म्हणाले, "तुम्हीच तपासलंत, तुम्हीच सही करा. खोटं काही लिहायचंच नाहीये."

खरंच, त्या कागदावर एकही अक्षर खोटं नव्हतं. दिलेल्या नमुन्यात रोग आढळला नाही. मी सही केली. नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं, घरी माझ्या लग्नाचं चाललं होतं, संचालक वडिलांच्या ओळखीचे होते. ही कारणं मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहेत की आता त्यांचाच वीट येतो.

सर परतले तोवर कलमं दाखल्यासकट विकली गेली होती. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

"सही तुयीच हाय का?"

"हो."

"माती कुठची होती?"

त्यांनी कागदाची घडी केली आणि ते निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

कलमं कुणी नेली याची यादी त्यांना मिळाली नाही. मग ते रजा टाकून एसटीने गावोगाव फिरले, पारावर, दुकानात, जिथे माणसं भेटतील तिथे ती कलमं लावू नका म्हणून सांगत सुटले. मालकाने बदनामीची तक्रार केली. संस्थेने सरांना काढलं. ते गावी परतले, स्वतःच्या शेतात कलमं बांधायला लागले आणि विचारायला येईल त्याला शिकवत राहिले. वीसेक वर्षं असं चाललं. मी एकदाही गेले नाही.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. सभा अमरावतीत झाली, आयोजक तोच मालक. संचालक काठी टेकत व्यासपीठावर आले. "माझा जिवलग सहकारी," म्हणाले आणि रुमाल डोळ्यांना लावला. रुमाल कोरडाच होता. मी पहिल्या रांगेत होते. मग प्रत्येकाला सरांच्या आठवणीखातर मालकाच्या रोपवाटिकेतलं संत्र्याचं एक कलम वाटलं. काळ्या पिशवीवर सरांचा फोटो चिकटवलेला.

मी माझं कलम पाहिलं. खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात तो जोड मातीत गाडलेला होता. तो जमिनीपासून वीतभर वर हवा, नाहीतर ओल लागून डिंक्या तिथूनच शिरतो. सरांनी जन्मभर हेच सांगितलं होतं. आणि त्यांच्याच फोटोखाली हे!

मी उठले, माईकपाशी गेले, बोटांनी माती उकरून जोड दाखवला. "हे लावू नका," म्हटलं. "आणि याच रोपवाटिकेला रोगमुक्त असल्याचा दाखला मी दिला होता. तो नमुना दुसऱ्या मातीचा होता, हे मला माहीत होतं."

माईक बंद झाला. संचालक वाकून म्हणाले, "बाईंच्या भावना अनावर झाल्यात." सभागृहात थोडी कुजबुज झाली, मग चहा आला. बहुतेकांनी कलमं नेलीच. फुकटची होती. फक्त दोघे शेतकरी माझ्याजवळ आले, जोड नीट पाहिला आणि पिशव्या तिथेच खुर्चीखाली ठेवून गेले.

बाहेर सरांच्या पत्नी उभ्या होत्या. मी ओळख सांगायला लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"ठाऊक हाय मले. एका पोरीनं सही केली, असं त्यायनं सांगतलं होतं. नाव नाही घेतलं कधी."

"सर रागावले असतील."

"त्यायले राग नव्हता," त्या म्हणाल्या. "मले हाय. अजून हाय."

त्या दुपारी ऐकलेलं तेवढंच एक वाक्य स्वच्छ होतं. मी म्हटलं, "असू द्या." त्या रिक्षाकडे वळल्या.