खऱ्या मुकादमासमोर

गावोगावी पथनाट्यं करणारा माझा दादा आता मालिकेत काम करतो. परवा त्याचं चित्रीकरण बघायला गेले. मेकअपच्या खोलीत मिशी चिकटवायच्या गोंदाचा उग्र वास आला आणि मला पाथर्डीचा बाजार आठवला.

ऊसतोडीला निघालेल्या लोकांसमोर आमचं नाटक चाललं होतं. दादा मुकादम झाला होता आणि आजारी बाईची मजुरी कापत होता. मी पत्रकं वाटत होते. तेवढ्यात खरा मुकादम गर्दीतून पुढं आला. आई त्याच्याच टोळीत होती. तिचं बोचकं ट्रकमध्ये चढलंही होतं.

"कुनाचं सोंग करतो रं? तुझ्या आईला हितंच ठिवू का?"

ढोलकी थांबली. घामानं दादाची मिशी सुटत होती. त्यानं आईकडं पाहिलं.

"म्हन की फुडं," आई म्हणाली.

दादानं मिशी उपटून मुकादमापुढं धरली. "घ्या, तुमीच करा. तुमाला पाठच हाय."

सगळा बाजार हसला. ट्रक आईला सोडून गेला.

आम्ही जिंकलो, हे मी आजही भांडून सांगेन. पण त्याची किंमत आईनं मोजली, हे आमच्या एकाही पत्रकात आलं नाही.

"हितं सोपं हाय गं," दादा आरशात बघत म्हणाला. "चुकलं तर परत घेतात."