आलेबाई

तिचं खरं नाव त्या घरात कुणाला धड सांगता आलं नसतं. "अगं ए!" अशी हाक आली की हातातलं टाकून ती "आले, आले!" करत धावायची, म्हणून सगळी इमारत तिला आलेबाई म्हणे. नव्या दूधवाल्याला तर वाटलं, ही बाई आलं विकते. "पावशेर द्या की," म्हणाला बिचारा. ती पोट धरून हसली. तेवढ्यात आतून हाक आली आणि ती हसू तसंच तोंडावर घेऊन पळाली.

आता कुणी म्हणेल, मोलकरीण होती, त्यात काय एवढं? छे हो! मोलकरणीला पगार असतो, सुट्टी असते, भांडून काम सोडायची सोय असते. हिला फ्रॉकच्या वयात एका लांबच्या मामाने इथे आणून सोडलं. "शाळेत घालतील, लेकीसारखी ठेवतील." शाळेत ती गेली, नाही असं नाही. फाटकापर्यंत, दोन्ही मुलांची दप्तरं घेऊन. मामा निघाला तेव्हा ही रडत म्हणाली होती, "मीपण जाते." त्यावर घरच्या बाईंनी तिला दटावलं, "जाते म्हणू नये, येते म्हणावं. आणि मला आई म्हणायचं." झालं! पुढे कुणी पगाराचा विषय काढलाच, तर आई म्हणायच्या, "इश्श, ती घरचीच आहे!" या एका शब्दाने तिचा अख्खा जन्म खाल्ला. घरचीच होती, आणि झोपायची ओट्याखाली.

थोरला, म्हणजे दादा, कॉलेजात इतिहास शिकवायचा. जेवताना त्याला भारी स्फुरण चढे. जहाजांच्या तळाशी कोंबलेली माणसं, न वाचलेल्या करारावर अंगठा उठवून समुद्रापार उसाच्या मळ्यात राबायला गेलेली माणसं. "आणि मालक मेला ना, की त्याची मुलं भांड्याकुंड्यांसारखे गुलाम वाटून घ्यायची," तो एकदा सांगत होता. खोटं कशाला बोला, त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. आलेबाई वाढता वाढता थांबली.

"दादा, त्यांना विचारायचे का हो?"

"कुणाला?"

"वाटून घेतलेल्यांना. कुणाकडे जाता म्हणून."

दादा हसला. "अगं, त्यांना कोण विचारतंय! मीठ आण बघू."

"आले," म्हणत ती मीठ आणायला गेली.

मग आई वारल्या. सगळ्यात जास्त रडली ती आलेबाईच. तळमजल्यावरची शिंपीण भेटायला आली होती. जाताना जिन्यात थांबून म्हणाली, "काज-बटणं करायला मला माणूस हवंय. पगार देईन, मागची खोली रिकामी आहे. येशील का?" 'ये' आलेबाईला ठाऊक होतं. 'येशील का' असं तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

तरी ती गेली नाही, ती धाकट्यासाठी. त्याला तिने कडेवर वाढवलेला. ताप आला की तो तिच्याच मांडीवर झोपायचा. "मी मोठा झालो की तुला खुर्चीत बसवीन," असं म्हणायचा. तेवढ्यावर जगत होती वेडी! तो आपल्याला विचारेल, "तुला काय हवंय?" एवढंच तिला त्याच्याकडून ऐकायचं होतं. मग तो म्हणेल तिथे ती हसत गेली असती.

वाटण्यांच्या दिवशी ती चहाचा ट्रे घेऊन दारात आली, तेव्हा आत फ्रीजवरून जुंपली होती.

"फ्रीज तू घेतलास ना, मग आलेबाई माझ्याकडे," धाकटा म्हणत होता. "माझ्या बायकोला दिवस गेलेत. घरात कुणीतरी लागणारच."

"वा रे वा!" दादाची बायको उसळली. "फ्रीज आज आहे, उद्या बंद पडेल. बाई अजून दहा-बारा वर्षं सहज काम करेल."

"भांडू नका," दादा समजुतीने म्हणाला. "सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने आपल्याकडे. मिटलं." सगळ्यांना पटलं. कुणालाही काही आठवलं नाही, दादालाही नाही.

आलेबाई धाकट्याकडे बघत उभी राहिली. त्याने मान वर केली. आता विचारेल, आता विचारेल.

"साखर कमी घातलीस ना?" त्याने विचारलं.

तिने ट्रे टेबलावर ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन आपले कपडे गाठोड्यात बांधले आणि मागच्या दाराने जिना उतरायला लागली. ती भ्यायली होती, चांगलीच भ्यायली होती. आपण चोरी करून पळतोय असंच तिला वाटत होतं.

"अगं ए!" धाकटा वरून कठड्यावर ओणवा होऊन ओरडला. "गाठोडं घेऊन कुठे निघालीस? कुणाला विचारून?"

"आले" तोंडात तयारच होतं. एक पाय वरच्या पायरीकडे वळलासुद्धा. तिने कठडा घट्ट धरला आणि वर न बघता म्हणाली,

"जाते."