जावेच्या दारातलं घरटं

आमचं लाटंबार्शे गावातलं घर एकच, पण दोन भावांत वाटणी झाल्यापासून दारं दोन, दोन टोकांना. एक माझं, एक थोरल्या जावेचं. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे काजूच्या दिवसांतही ती पडवीत बसून असते. मी मात्र उजाडलं की काजूचे बोंडू गोळा करायला डोंगरावर.

गेल्या काजूत फुलांतला मध पिणाऱ्या इवल्याशा शिंजिरीनं माझ्या दारातल्या कपड्यांच्या दोरीला घरटं बांधलं. कोळिष्टकं, सुका पाला. लांबून बघाल तर केरच अडकलाय म्हणाल. अंडी खाणाऱ्यांना कळू नये म्हणूनच ती घरट्याचं असलं ध्यान करून ठेवते. मी चारचौघींना दाखवलं, जावेला तर मुद्दाम दोनदा.

एका सकाळी अंगणात भारद्वाज दिसला. तो दिसला की दिवस चांगला, असं आपल्यात सगळेच मानतात. मी हात जोडले आणि निघाले. दुपारी येऊन बघते तर घरटं फाटून लोंबतंय, अंडी गायब.

"तुझा शुभशकुन गो," जाऊ म्हणाली. "मी उठेपर्यंत खाऊन मोकळा!"

शिंजीर काही रडत बसत नाही. दोनच अंडी घालायची, मोडलं की पुन्हा मांडायचं, हा तिचा संसार. पण मांडला कुठे? जावेच्या डोक्यावरच्या वायरीला! तेही माझ्याच मोडक्या घरट्यातली कोळिष्टकं नेऊन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण कळत होतं हो, माणूस बसलेलं असलं की भारद्वाज जवळ येत नाही. म्हणजे राबणारीचं दार ओसाड आणि बसणारीच्या दारात बाळंतपण! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

पिल्लं चिवचिवायला लागली, तेव्हा एका दुपारी जावेनं हाक मारली, "बस गो जरा हांगा, पडवीत. मी पेज जेवून येते."

ती आत गेली, मी खांबाआड टेकले, आणि तिची जागा रिकामी बघून भारद्वाज आलाच. वळचणीला बसून तांबडे डोळे थेट घरट्यावर. खरं सांगते, मनात आलं, खाऊ दे. माझी गेली, हिचीही जाऊ देत. तेवढ्यात शिंजीर कासावीस होऊन ओरडली, आणि मी त्या शुभशकुनाला चप्पल फेकून मारली.

"आला होता काय गो?" जावेनं आतून विचारलं.

"कोण येतोय इथं," मी म्हटलं.

पिल्लं उडाली. जाऊ अजून येईल त्याला सांगते, माझ्या दारातून उडाली म्हणून. माझ्या, म्हणे! आणि माझी चप्पल अजून तिच्या कौलांवर पडलीय. मागायला गेले तर का फेकली ते सांगावं लागेल.