गवताला रकाना नव्हता

डंप चढताना माझा उजवा गुडघा साधारण दोनशेव्या पावलाला दुखू लागतो. दोनशे दहाला थांबावेच लागते. चार वर्षांत त्यात फरक पडलेला नाही.

उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचायला वरची माती, मुरूम, दगड काढून बाजूला रचतात. रचता रचता त्याचा डोंगर होतो. त्याला आमच्याकडे सगळे डंप म्हणतात. पुढे तो डोंगर हिरवा करायचा असतो, आणि हिरवा टिकलाही पाहिजे. ते काम घेतलेल्या ठेकेदाराकडे मी मोजणीला आहे. सकाळी साडेसहाला दिघोरी नाक्यावर बस धरायची, सव्वा तासाने फाट्यावर उतरायचे, पुढे पायी.

माझ्याकडे पूर्वेचा उतार आहे. एकोणीसशे चाळीस रोपे लावलेली. करंज, शिसू, कडुनिंब, आवळा, थोडा बांबू. वर्षातून दोनदा प्रत्येक रोपापाशी जाऊन ते जिवंत की मेलेले ते पाहायचे. पाने झडलेली असली तर अंगठ्याच्या नखाने साल खरवडायची. आत हिरवे दिसले तर जिवंत. काहीजण लांबूनच अंदाजे आकडा टाकतात. मी टाकत नाही. एका विसरलेल्या रोपासाठी अर्धा डंप परत उतरलेलो आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात उतारावर गवत आले. कोणी पेरले नव्हते. कुसळी आणि पवन्या कमरेइतके वाढले आणि गुडघ्याएवढे करंज त्यात दिसेनासे झाले. एकच ओळ दोनदा मोजली तर दोन वेगळे आकडे येऊ लागले. मला ते सहन होईना. शेवटी मी बायांच्या टोळीला सांगितले, नुसती रोपांभोवतीची आळी साफ करू नका, दोन ओळींमधले सगळे गवत खुरपून काढा.

टोळीत दहा बाया होत्या. त्यांच्यात साठीच्या एका बाईंचा शब्द चाले. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणायचो. डंपच्या पायथ्याला त्यांचे दीड एकर वावर आहे. ते डंपकडे उतरते; डंपलगतच्या खालच्या अंगाला मिरची, वर तूर. दर पावसाळ्यात डंपचा करडा चिखल त्यांच्या पिकावर येऊन बसत असे. त्या मजुरीसाठी येत होत्या, पण वरची माती वरच राहावी म्हणूनही येत होत्या. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते.

"काहून काढता गा भाऊ गवत? राहू द्या न," मावशी म्हणाल्या.

"रोप दिसत नाही, मावशी."

"तुमाले दिसत नाही. रोपाले त सावली होऊन राहिली."

"मग मोजू कसा मी?"

"तुमाले मोजाचं हाय का जगवाचं हाय?"

मागून एक बाई हसली. "मावशे, त्यायच्या वहीत गवत बसत नाही वं!"

ते खरेच होते. छापील तक्त्यात लावलेली, जिवंत, मेलेली आणि शेरा एवढेच रकाने होते. गवताला रकाना नव्हता. मी कार्यालयातल्या साहेबांना गवताबद्दल एकदा विचारलेही. ते म्हणाले, "आपलं काम झाडांचं आहे. गवत काय, आपोआप येतं." मला हवे होते तेच उत्तर मिळाले, म्हणून मी पुढे विचारले नाही.

बायांनी बारा दिवसांत उतार साफ केला. ओळी कागदावर आखल्यासारख्या दिसू लागल्या. मोजणी एका दिवसात आटोपली. सोळाशे अकरा जिवंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली, आकडा तोच आला. परतताना बसमध्ये मला चांगली झोप लागली.

पोळ्यानंतर पावसाची झड लागली आणि तीन दिवस थांबली नाही. चौथ्या दिवशी गेलो तर उतारावर घळी पडल्या होत्या, काही माझ्या कमरेइतक्या खोल. डंपची माती सुटी असते. करंजाचे मूळ आपल्या जागी खाली जाते, पण दोन रोपांमधली माती गवतच धरते, आणि ते मीच काढायला लावले होते. मला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. मावशींनी सांगितले होते.

उत्तरेच्या टोकाला एक तुकडा खुरपायचा राहिला होता, कारण तिथे गांधीलमाश्यांचे पोळे होते. त्या तुकड्यात एकही घळ नव्हती. मी तो आडवा-उभा चालून पाहिला, मग खाली वावरात उतरलो.

मिरची शेंड्यापर्यंत गाडली गेली होती. मावशी बांधावर बसल्या होत्या. त्या ओरडतील असे वाटले होते.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमची झाडं माह्या वावरात आली. घ्या मोजून."

चिखलात माझी सात रोपे होती. एक करंज तर अगदी सरळ उभा. सवयीने माझा अंगठा त्याच्या सालीकडे गेला.

"हिरवं हाय का आतून?"

"आहे."

"मंग लिहा जिवंत."

मी वही उघडली नाही. त्या वर्षी त्यांना मिरची मिळाली नाही.

उतारावर राहिली नव्हती म्हणून तक्त्यात मी ती सातही मेलेली दाखवली. शेऱ्यात लिहिले की गवत काढल्याने माती वाहिली आणि गवत काढायला मी सांगितले होते. साहेब म्हणाले, "एवढं कशाला लिहिता?" मी ते तसेच ठेवले. त्यावर पुढे कोणी काही विचारले नाही.

कार्तिकात मावशींनी त्या राहिलेल्या तुकड्यातले आणि बांधांवरचे गवताचे बी टोळीकडून गोळा करवले. मीही पोती धरली. घरी बायको माझ्या पायमोज्यांतली कुसळे उपटत म्हणाली, "डंप घरीच घेऊन आलात." उन्हाळ्यात घळींत दगड आडवे रचले, मृगाच्या तोंडावर बी टाकले. तरी त्या पावसाळ्यात चिखल अर्ध्या वावरापर्यंत आलाच.

गवत मोजायची एक रीत मी स्वतःपुरती काढली. उतारावर आडवे चालायचे, दर दहाव्या पावलाला थांबायचे आणि बुटाच्या टोकापाशी गवत आहे की उघडी माती ते लिहायचे. असे शंभर थांबे. गेल्या दिवाळीला गवत एकोणीस ठिकाणी होते. यंदा झडीच्या आधी चोपन्न ठिकाणी. किती झाले म्हणजे पुरे, हे मला माहीत नाही. कार्यालयातही कोणी सांगू शकले नाही.

"आता गवत बी मोजून राहिले," मावशी टोळीला म्हणाल्या. यावेळी कोणी हसले नाही, सगळ्या दमलेल्या होत्या.

यंदाची झड अडीच दिवसांची होती. ती उघडल्यावर मी डंपवर न चढता आधी वावरात गेलो. मावशींनी यंदा चिखलाच्या भीतीने मिरची वरच्या अर्ध्यातच लावली होती. चिखल आला होता, पण खालच्या रिकाम्या सऱ्यांपैकी चौथ्या सरीत थांबला होता. मिरचीपर्यंत पोचला नव्हता. मी सऱ्या दोनदा मोजल्या.

"पुढच्या साली खालीही लावाल का?" मी विचारले.

"पुढच्या सालचं पुढं पाहू. तुमी गवताले हात नोका लावू."

"नाही लावत."

त्यांनी एक टोपले माझ्याकडे सरकवले. आम्ही चिखल भरून बांधावर टाकू लागलो. ओला असल्याने टोपले जड भरत होते आणि दर चार-पाच खेपांनी मला बसावे लागत होते. दुपारपर्यंत तीन सऱ्या मोकळ्या झाल्या. चौथी राहिली. माझ्या बसची वेळ झाली होती.